भिंतीतली गळती कोणाची?

नळ गळायला लागला की लोक आधी खाली बादली ठेवतात, मग मला फोन करतात आणि मी दारात पोचलो की भांडायला लागतात. घर भाड्याचं असेल तर हे ठरलेलंच. पान्यांची पिशवी खाली ठेवायच्या आत मालक म्हणतो, "तुम्हीच सांगा." भाडेकरू म्हणतो, "हो, तुम्हीच सांगा." वायसर बदलायला आलेला माणूस न्यायाधीश होतो, आणि तेही उकिडवा बसून.

शहाद्यात मी पस्तीस वर्षं प्लंबिंग केलं. आता गुडघे वाकत नाहीत म्हणून दुकानात बसून फक्त सल्ले देतो. मूळ घर म्हसावदचं, केळी-पपईवालं. मी या धंद्यात पडलो तेव्हा वडील सगळ्या गावाला ऐकू जाईल असं आमच्या बोलीत म्हणाले होते, "पाटीलना पोऱ्या व्हईसन लोकेस्न्या मोऱ्या मोकळ्या करस!" मी म्हणालो, बाबा, तुम्ही शेताला पाणी देता, मी घराला देतो. ते काही त्यांना पटलं नाही. घरचा नळ बिघडला तेव्हा मात्र त्यांनी दुसऱ्या प्लंबरला बोलावलं नाही.

आता मुद्द्याचं. भाड्याच्या घरातली दुरुस्ती कोणी करायची याचा माझा नियम साधा होता. जे हाताने फिरवतात, ओढतात, दाबतात, म्हणजे नळाची चावी, आतला वायसर, शॉवरची नळी, ते वापरून झिजतं, ते भाडेकरूने बदलावं. जे भिंतीत, जमिनीत नाहीतर गच्चीवर आहे, म्हणजे पाइप, टाकी, ड्रेनेज, ते मालकाचं. भाडेकरूने मुद्दाम मोडलं असेल तर गोष्ट वेगळी. एका वकिलाचं बेसिन बसवताना त्याला विचारलं, तर तो म्हणाला, कायदाही साधारण हेच म्हणतो. मग म्हणाला, "पण करारात काय लिहिलंय ते बघावं लागेल."

करारात एकच ओळ असते, सगळ्यांच्या सारखी, कारण सगळे एकाच झेरॉक्सवाल्याकडून घेतात: 'किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने स्वखर्चाने करावी.' हा किरकोळ शब्द ज्याने घातला त्याने माझ्या धंद्याचं निम्मं आयुष्य खाल्लं. मालकाला टाकी फुटली तरी ती किरकोळ वाटते आणि भाडेकरूला वायसर म्हणजे इमारतीचा पाया. नंदुरबारला एका मालकाने भाडेकरूला घरातले सगळे नळ स्वतःच्या पैशाने बदलायला लावले. भाडेकरू गुणी माणूस. त्याने बदलून घेतले. घर सोडताना त्याने ते सगळे नळ खोलून सोबत नेले आणि पाइपांच्या तोंडात दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांची बुचं मारून गेला. मालक मला ओरडून सांगत होता की ही चोरी आहे. मी म्हणालो, "त्याच्या मालकीचं त्याने नेलं. कणसं मात्र तुम्हाला ठेवली."

हे हसण्यावारी गेलं. पुढचं तसं जात नाही.

लोणखेड्याच्या बाजूला एका कॉलनीत तात्यांचं दुमजली घर. तात्या सरकारी कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त फक्त पगारातून झाले होते. जिन्यात पाट्या होत्या: 'पाणी जपून वापरावे', 'चपला रांगेत ठेवाव्यात', 'सूचनांचे पालन करावे'. ही तिसरी पाटी पहिल्या दोन पाट्यांसाठी होती. खाली तात्या आणि काकू राहायचे. वरच्या मजल्यावर भाड्याने रमिला सिस्टर आणि तिची आई. रमिला सरकारी दवाखान्यात नर्स, वय तिशीच्या आतबाहेर, मूळची काठी गावाच्या पलीकडच्या डोंगरातल्या आदिवासी पाड्यावरची. काठीची होळी बघायला तात्या दरवर्षी जायचे. मोरपिसांचे टोप घातलेल्या नाचणाऱ्यांच्या मध्ये उभा राहून काढलेला त्यांचा फोटो बैठकीत मोठा करून लावलेला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे, "ही आपली संस्कृती." रमिलाला घर देताना मात्र आपल्या संस्कृतीकडून त्यांनी दुप्पट डिपॉझिट घेतलं होतं. आधी सहा घरांनी तिला गावाचं नाव ऐकून नाही म्हटलं होतं, म्हणून तिने ते मुकाट्याने दिलं.

त्या वर्षी उन्हाळा लागता लागता तात्यांच्या बैठकीच्या छताला ओल आली. आधी ताटलीएवढा डाग होता, मग पोपडे पडायला लागले. त्यातच त्यांच्या धाकट्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. तात्यांचा फोन आला.

"आप्पा, तू फक्त वर जाय, देख, आनि खाले ईसन सांग का चुकी भाडेकरूनी शे."

मी म्हटलं, "तात्या, आधी देखू तं द्या."

"देखानं काय शे त्यामा? त्या लोकेस्ले नळनी सवय नई ना रे. डोंगरमा झिरा ऱ्हास, पानी रातदिन चालूच."

मी वर गेलो. रमिला ड्यूटीवरून नुकतीच आली होती. तिची आई ओट्याजवळ भाकरी थापत होती, तिने हसून पाण्याचा तांब्या पुढे केला. मोरी कोरडी ठणठणीत. सगळे नळ घट्ट बंद, खालची जाळी साफ, एक थेंब कुठे नाही. माझ्या घरातली मोरी इतकी नीट कधी नव्हती.

"काका," रमिला शाळेतल्या शुद्ध मराठीत म्हणाली, "मी थोडं तपासलंय. दाखवू का?"

तिने वही काढली. वरच्या मजल्याची टाकी वेगळी होती. ड्यूटीला जाताना तिने टाकीत पाणी भरायचा व्हॉल्व्ह बंद केला, घरातले सगळे नळ बंद केले, आईला शेजारच्या बाईकडे बसवलं आणि बांबूची कामटी टाकीत बुडवून पाण्याच्या रेघेवर खूण केली. परत आल्यावर पुन्हा कामटी बुडवली. पाणी चार बोटं उतरलेलं. तीन दिवस असंच. चौथ्या दिवशी तिने टाकीवरून फक्त मोरीला जाणारी चावी बंद करून ठेवली. त्या दिवशी पाणी हललं नाही. तापाच्या तक्त्यासारखं सगळं लिहिलेलं होतं, तारीख, वेळ, शेवटी सही.

"म्हणजे मोरीच्या भिंतीतला पाइप कुठेतरी गळतोय ना?" तिने विचारलं.

पस्तीस वर्षांत इतकं नीट निदान माझ्या हाताखालच्या माणसांनी केलं नव्हतं, मीही क्वचितच. मी भिंतीवर बोटाने ठोकत गेलो. गिझरच्या खाली, कोपऱ्यात, टाइल्स पोकळ वाजल्या.

तो कोपरा मला आठवत होता. अठरा वर्षांपूर्वी तात्यांच्या या घराची सगळी पाइपलाइन मीच टाकली होती. लोखंडी पाइपाचा जमाना. पाइपाच्या टोकाला आटे पाडायचे, त्यावर सूत गुंडाळून सफेदा लावायचा आणि एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, आवळायचा. तात्यांनी कुठूनतरी स्वस्तात उरलेला माल आणला होता. त्यातल्या एका एल्बोचे आटे अर्धेच होते. मी म्हटलं, दुसरा आणा. ते म्हणाले, उद्या वास्तुशांत, आज गिलावा झालाच पाहिजे. मग मी दुप्पट सूत गुंडाळलं आणि आवळून दिलं. लाइन बुजवायच्या आधी पाणी भरून, दाब देऊन तासभर बघायचं असतं, कुठे पाझरतंय का. ते बघितलंच नाही. गवंडी घमेलं घेऊन उभा होता, मी म्हणालो, "मार गिलावा."

सूत अठरा वर्षं टिकलं, हे खरं तर कौतुकच.

रमिला माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, "फोडल्याशिवाय काही सांगता येत नाही, सिस्टर." वाक्य खोटं नव्हतं. पण मी खाली मान घालून जिना उतरलो.

खाली तात्यांनी चहा आणि कागद दोन्ही तयार ठेवले होते. कागद टाइप केलेला, रमिलाच्या नावे. 'विषय: वरच्या मजल्यावरील स्नानगृहातील गळतीबाबत. संदर्भ: प्लंबरचे तोंडी बोलणे.' मी अजून तोंड उघडलं नव्हतं, तरी माझ्या तोंडी बोलण्याचा संदर्भ आला होता. पुढे लिहिलं होतं की सदर गळती भाडेकरूच्या निष्काळजीपणामुळे झालेली असून दुरुस्तीचा संपूर्ण खर्च भाडेकरूने करावा, अन्यथा महिनाअखेर जागा खाली करावी. डिपॉझिट परत मिळणार नाही. शेवटी 'तांत्रिक अभिप्राय' आणि माझ्या सहीसाठी ठिपक्यांची रेघ.

"तात्या, भिंतमातला पाइप शे," मी म्हटलं. "तो मालकना ऱ्हास."

"निष्काळजीपणा व्हयना का मंग तो भाडेकरूना ऱ्हास," तात्या म्हणाले. "नियम मी शिकाडू का तुले?" आणि चहाची बशी माझ्याकडे सरकवत हळूच म्हणाले की कॉलनीच्या मागे बारा घरांची नवी रांग उठतेय, प्लंबरचं नाव सुचवायला त्यांनाच सांगितलंय.

मी सही केली.

यावर सारवासारव करता येईल. माझ्याही मुलीचं लग्न ठरत होतं, धंदा पडता होता, सगळं खरं. पण सही करताना माझ्या मनात यातलं काहीच नव्हतं. मनात एवढंच होतं की भिंत फुटू नये. फुटली असती तर आतून मी निघालो असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी रमिला दुकानात आली. ड्यूटीच्या पांढऱ्या कपड्यांतच. मला वाटलं, आता ही बोलणार, आणि मी मनात उत्तरं जुळवायला लागलो. ती स्टुलावर बसली आणि पर्समधून तात्यांच्या पत्राची प्रत काढली.

"काका, यात निष्काळजीपणा लिहिलंय. तुमची सही आहे."

"हो."

"कुठला नळ मी चुकीचा वापरला तेवढं सांगा. मी आणि याहा तसा वापरणार नाही." याहा म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. दवाखान्यात एखादं औषध चुकलं तर जसं विचारतील तसं ती विचारत होती. मी काउंटरवरचे वायसर एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकत बसलो.

"खर्च मी देते," ती म्हणाली. "वाद घालत नाही. फक्त तो शब्द काढा. उद्या दुसरं घर बघायला गेले तर तिथले मालक तात्यांना फोन करतील. आम्हाला लोक आधीच म्हणतात की यांना घरात राहायचं कळत नाही. आता तर मिस्त्रीच्या सहीने झालं."

पत्राची घडी घालत ती म्हणाली, "मी टाकीवर चढून तीन दिवस मोजलं, काका. मला वाटलं होतं, मोजलं की माणसं ऐकतात."

मी शटर ओढलं. छिन्नी, हातोडा आणि पान्यांची पिशवी घेतली आणि तिला म्हटलं, "चला."

तात्या वामकुक्षी घेत होते. मी त्यांना उठवून वर आणलं. मागून काकूही आल्या, ओले हात पदराला पुसत. मी गिझरखालची पहिली टाइल फोडली.

"अरे, टाइल कोनी फोडाले सांगी?" तात्या ओरडले. "लेखी परवानगी लिधी का?"

मी थांबलो नाही. दुसरी टाइल, मग सिमेंट. आत सगळं ओलं, काळं पडलेलं. पाना लावून एल्बो फिरवला तर तो हातातच आला. अर्धे आटे गंजून भुगा झालेले, आणि त्यात कुजलेल्या सुताचा हा एवढा झुबका. मी तो तळहातावर घेऊन सगळ्यांसमोर धरला.

तात्यांनी चष्मा लावला. "हाई कोन मूर्खनी बसाडेल शे?"

"मी बसाडेल शे, तात्या."

बाहेर ओट्याजवळ बसलेल्या रमिलाच्या आईला आमची बोली फार कळत नव्हती, पण तिने भाकरीचा हात थांबवला. तात्यांचा चेहरा क्षणभर पडला आणि दुसऱ्याच क्षणी उजळला. त्यांना नवा गुन्हेगार सापडला होता.

"मंग सगळा खर्चा तुन्हा! छतना बी तुन्हा! मी आत्तेच पत्र काढस."

मी काही बोलायच्या आधी काकू बोलल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्या तात्यांच्या कुठल्या कागदावर कधी बोलल्या नसाव्यात. "तो पाइप तुम्हीच आनेल व्हतात. फुकटना भावमा भेटना म्हनीसन. आप्पा म्हनी ऱ्हायंता का एल्बो खराब शे, बदली द्या. तं तुम्हीच म्हनात, मुहूर्त टळी जाई. मी आठेच उभी व्हतू."

"तुले काय समजस त्यामातलं?"

"मले आठवस, बस तेवढंच समजस," काकू म्हणाल्या आणि खाली निघून गेल्या.

तात्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. अधीक्षक माणसाला अशा वेळी काय करायचं ते माहीत असतं. ते खाली गेले आणि नवा कागद टाइप करून आले: 'दि. अमुकचे पत्र नजरचुकीने निर्गमित झाले असल्याने रद्द समजण्यात यावे.' नजरचूक कोणाची ते त्यात नव्हतं. मी म्हटलं, जुना कागद फाडून टाका ना. ते दचकलेच. "कागद फाडतस का कोठे? फाइलमा लागना तो." रमिलाने रद्दच्या पत्राची प्रत मागितली. तिने ती दोनदा वाचली आणि म्हणाली, "तात्या, यात निष्काळजीपणा नव्हता असं एक वाक्य घाला." तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातला एल्बो जरा वर केला. वाक्य घातलं गेलं.

नवा पाइप आणि टाइल्स तात्यांनी आणल्या, या वेळी चांगल्या. मजुरी मी घेतली नाही. ती तात्यांनी दिलीही नसती, पण नाही म्हणायची संधी मी घेतली. मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा छताला ताजा रंग होता. बारा घरांचं काम दुसऱ्या प्लंबरला गेलं. त्यातली चार घरं आता गळतात, असं ऐकतो. ऐकून आनंद होतो हे खोटं सांगणार नाही.

रमिला तिथे आणखी आठ महिने राहिली. तात्या तिच्याशी गरजेपुरतं बोलायचे. काकू मात्र दुपारी वर जाऊन तिच्या आईजवळ बसायला लागल्या. दोघींना एकमेकींची बोली येत नव्हती. त्याने त्यांच्या गप्पांना काही अडचण आली असं कोणी सांगितलं नाही. मग एक दिवस रमिलाचा फोन आला.

"काका, दवाखान्याजवळ घर मिळतंय. मालक चांगले वाटतात. पण मी त्यांना म्हटलं, डिपॉझिट देण्याआधी लाइन तपासायची. तुम्ही याल?"

गेलो. नवा मालक शिक्षक होता, दारातच मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई कोण आहेत या? इतकी वर्षं घर भाड्याने देतोय. लोक हवा बघतात, उजेड बघतात. या भिंतीतलं पाणी बघतायत."

मी पंप लावला, लाइनमध्ये पाणी भरून दाब दिला आणि मीटर जोडला. रमिला जिन्याच्या पायरीवर हातातलं घड्याळ समोर धरून बसली. शेजारी तिची आई. मालक सुरुवातीला हसत होता, मग दहा मिनिटांनी तोही खाली बसून काट्याकडे बघायला लागला. एक तास झाला. काटा होता तिथेच होता.

"झालं," मी म्हटलं.

मालक उठला आणि पँट झटकत म्हणाला, "आता या तपासणीचा खर्च कोणाचा? मालकाचा की भाडेकरूचा?" आणि दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

मी तोंड उघडणार तेवढ्यात रमिला म्हणाली, "माझा. तपासायला मी बोलावलं होतं."

मला मजुरी घ्यायची नव्हती. पण तिने पर्स उघडली होती, आणि ज्या पद्धतीने उघडली होती ते बघून मी नाही म्हणालो नाही. पैसे खिशात ठेवले. तिने पावती मागितली. मी पावतीपुस्तक गुडघ्यावर धरलं आणि विचारलं, "सिस्टर, कामाच्या रकान्यात काय लिहू?"

ती म्हणाली, "लिहा, गळती नाही. आणि खाली सही करा."